गालिच्यावर फुगडी होत नाही

सुहासिनी मोडक अमेरिकेत आली तेव्हा तिची पहिली तक्रार थंडीबद्दल नव्हती, जेवणाबद्दल नव्हती, माणसांबद्दल तर नव्हतीच. ती होती गालिच्याबद्दल. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवलेला, शेवाळी रंगाचा, पाय ठेवला की पाऊल गिळून टाकणारा तो गालिचा तिला पहिल्याच दिवशी डोळ्यांत खुपला. सामानाच्या पेट्या अजून उघडायच्या होत्या आणि ही बाई कमरेवर हात ठेवून घराच्या मधोमध उभी.

"अहो, ह्याच्यावर माणसानं फुगडी कशी घालायची?"

राजाराम मोडकांनी दमून एका पेटीवर बसकण मारली. ओहायोतल्या विंडल नावाच्या छोट्या गावात, युनिव्हर्सिटीच्या शेतकी कॉलेजात माती तपासायची नोकरी त्यांना लागली होती. कॉलेजनं नदीपलीकडे राहायला घर दिलं होतं, आणि घरात गालिचा आहे याचा त्यांना उलट अभिमान वाटत होता. फुगडीचा विचार आपण केला नाही, हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. "सवय होईल हळूहळू," ते म्हणाले.

सवय काही झाली नाही. होणार कशी? मिरजेत श्रावणातल्या मंगळवारी सुहासिनीला चार-चार घरची बोलावणी असायची. जिची मंगळागौर असेल तिच्याशी ओळख असो वा नसो, 'फुगडीला सुहास हवी' एवढं कारण पुरायचं. साधी फुगडी, दंडफुगडी, एका हाताची, बसफुगडी, सगळ्यांत ती तरबेज. अंगानं चांगली भरलेली, पण एकदा हात गुंफून मागे झुकली आणि फिरायला लागली की ते अंग कुठे जायचं कोण जाणे. समोरची 'पुरे, पुरे' म्हणत हसून लोळण घेईपर्यंत ही थांबायची नाही. तिच्या आईला काळजी वाटे की ही मुलगी सासरी काय दिवे लावणार. सासर निघालं थेट ओहायोत, आणि तिथे जमिनीला गादी घातलेली.

दुसऱ्या दिवशी राजाराम तिला कॉलेज दाखवायला घेऊन निघाले आणि वाटेत तो पूल लागला.

एल्क नावाची ती नदी म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढा म्हणावा एवढीच. तिच्या एका काठाला कॉलेज, दुसऱ्या काठाला गाईंचे गोठे आणि नोकरदारांची जुनी घरं. दोन्हींच्या मधे शंभर वर्षांपूर्वीचा लाकडी पायपूल. लाल रंगाचा, वर उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंना तिरप्या फळ्यांच्या जाळीच्या भिंती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी लांबलचक घर बांधलं आणि नदी त्याच्याखालून सोडली. रुंदी दोन गाई शेजारून जातील एवढी, कारण एके काळी गोठ्यातल्या गाई खरोखरच त्यावरून वर्गात आणत. तोंडाशी जुनी पाटी होती: चाला, धावू नका, गुरं पळवू नका. पूल इतका नावाजलेला की त्याची चित्रं कॉलेजच्या कपांवर छापलेली. त्यावरून मोटारी जात नसत. मोटारींचा पूल बराच दूर, गावाच्या त्या टोकाला.

सुहासिनी आत शिरली आणि चार पावलांत थबकली. पायाखाली फळ्या होत्या. जाड, रुंद, माणसांनी आणि जनावरांनी चालून गुळगुळीत केलेल्या फळ्या. तिनं टाच आपटली. पूल बोलला. आवाज खालच्या पाण्यावरून फिरून वर छपरापर्यंत गेला आणि परत तिच्या पायाशी आला. तिनं मागे-पुढे पाहिलं, पदर खोचला आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली.

"अगं, रस्ता आहे हा," राजाराम म्हणाले. पण ते हसत होते, आणि कुणी येत तर नाही ना हे बघायला स्वतःच पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

फुगडीला दोघी लागतात, ही मोठीच अडचण होती. ती सुटली पुढच्या वर्षी, लता सबनीस विंडलला आली तेव्हा. लताचे यजमान कॉलेजात गणित शिकवायचे. लता पुण्याची, उंच, काटक, बोलायला फटकळ. तिच्या घराच्या तळघरात कपडे धुण्याचं मशीन होतं आणि त्याच्यापुढे सिमेंटची कोरी जमीन. त्या जमिनीवर दोघींची जोडी जमली ती अशी की कोलंबसहून, डेटनहून बायका मंगळागौरीला गाडी काढून यायला लागल्या. एक जाड, एक बारीक. एक खिदळणारी, एक ओठ आवळून फिरणारी. लताची मुलगी सुलेखा तेव्हा मशीनवर बसून टाळ्या वाजवायची. सुहासिनीला मूल झालं नाही. त्याची हळहळ होती, पण त्या मुलीचं नाक पुसता पुसता तीही बोथट होत गेली.

मग सत्तरचं दशक संपता संपता राजाराम गेले. शेतात मातीचा नमुना घेताना बसले ते उठलेच नाहीत. त्याबद्दल सुहासिनी फार बोलत नसे, तेव्हा आपणही नको बोलूया.

जानेवारीत लताकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सुहासिनी नेहमीसारखी गेली. बायका ओळीनं बसल्या होत्या, लता करंडा घेऊन एकेकीपुढे वाकत होती. सुहासिनीपुढे ती आली आणि तिचा हात थांबला. क्षणभरच. त्या हाताला पुढे जावं की मागे यावं ते कळेना. सुहासिनीला ते दिसलं, आणि जिवलग मैत्रिणीला असं अडचणीत बघवेना म्हणून ती झटकन उठली. "अगं बाई, पुऱ्या करपतील," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. ती जी गेली ती तिथेच राहिली.

म्हणजे तसं ती येत सगळीकडे होती. गणपती, दिवाळी, डोहाळजेवण, बारसं. पण बायकांच्या ओळीत नाही; गॅसपाशी, सिंकपाशी, कढईपाशी. मंगळागौरीला तिनं पुरण करून पाठवावं, इतर मुलींनी खेळावं. विधवेला बोलावत नाहीत असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. म्हणायची वेळच तिनं कुणावर येऊ दिली नाही, आणि हे इतकं सोयीचं होतं की सगळ्यांनी ते निमूटपणे चालवून घेतलं. लतानं खेळणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. तळघरातलं मशीन वर हलवलं आणि तळघराला जाड गालिचा घातला.

याचा अर्थ सुहासिनी कुढत बसली असा कुणी काढू नये. कुढायला तिला वेळ नव्हता. घर त्यांनी आधीच विकत घेतलं होतं ते तिनं ठेवलं, आणि कॉलेजच्या भटारखान्यात नोकरी धरली. तिथे डोरिस नावाची धिप्पाड बाई मुख्य होती. डोरिसनं तिला फळांचं सारण भरून भट्टीत भाजायचे ते 'पाय' करायला शिकवले, तिनं डोरिसला चहात आलं घालायला शिकवलं, आणि वर्षभरात दोघी मिळून त्या भटारखान्यावर अशा राज्य करायला लागल्या की डीनसुद्धा आत येताना दारावर टकटक करी. कॉलेजात तिचं नाव 'सू' पडलं. तिच्या सफरचंदाच्या पायमध्ये वेलदोडा असतो हे कुणाला माहीत नव्हतं, पण त्याच्यासाठी रांग लागायची.

गाडी चालवायला ती शिकली नाही. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ पूल. आणि पुलावर पाऊल पडलं की काय व्हायचं हे तिला एकटीलाच ठाऊक होतं: पावलं आपोआप ठेका धरायची. डावं, उजवं, डावं-डावं, उजवं. समोरून कुणी आलं की ती पावलं सरळ करून मेमसाहेबासारखी चालायला लागे. पण पूल मोकळा असला की फळीला टाच बसायचीच. ते संपलं असं तिनं मनाला बजावलं होतं. पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये विनीता आली. तिचा नवरा संजीव युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनियरिंगमध्ये पीएचडी करत होता. डिसेंबरात नागपूरला जाऊन लग्न करून आला, मागून ही व्हिसा घेऊन आली. चुणचुणीत पोरगी, एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. पहिल्या आठवड्यात तिला रडू आलं तेव्हा संजीवनं तिला पुलापलीकडे मोडककाकूंकडे नेऊन सोडलं. तेव्हापासून ती त्या घरचीच झाली. बर्फ वितळला, ट्यूलिप आले, गेले, आणि विनीता सुहासिनीच्या ओट्यावर पाय हलवत बसलेलीच.

जुलैच्या शेवटी एके दुपारी तिनं विषय काढला.

"काकू, ऑगस्टमध्ये माझी पहिली मंगळागौर. मी ऑलरेडी सगळ्यांना फोन केलेत. पूजा सकाळी घरी, संध्याकाळी खेळ. तुम्ही खेळायचंय."

"मी पुरण देईन तुला."

"पुरण लताकाकूसुद्धा देतील. मला फुगडी हवीय. सुलेखा म्हणते, माय मॉम अँड सुहासआंटी वेअर लाइक रॉकस्टार्स."

सुहासिनीनं कणीक तिंबायला घेतली. पोरीच्या तोंडावर खरं सांगावं तर तिचा पहिला सण नासायचा. खोटं सांगावं तर सोपं, आजवर हजारदा सांगितलेलं खोटं हाताशी होतं.

"अगं, फुगडी गालिच्यावर होत नाही. पाय फिरतच नाही, घोटा मुरगळतो. तुझ्या अपार्टमेंटमध्ये गालिचा, खाली तो छडी आपटणारा म्हातारा. लताकडे गालिचा. माझ्याकडे तर बघतेयस, इथून तिथून. लाकडाची जमीन शोध, मग बघू."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डोरिसचे वडील कॉलेजात सुतार होते. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात डोरिस सुहासिनीकडे कॉफीला आली होती, तेव्हा तिनं बुटानं गालिचा दाबून बघितला आणि म्हणाली होती, "सू, ह्याच्याखाली ओक आहे. माझ्या बापानं घातलेला. कुठल्या गाढवानं त्याच्यावर हे घोंगडं ठोकलं?" म्हणजे सुहासिनीला माहीत होतं. आपण लाकडावरच राहतो हे तिला चांगलं माहीत होतं. पण ओक सापडला तर सबब हरवली असती, म्हणून तिनं त्या ओकला जिथे होता तिथेच राहू दिलं.

"लाकडाची जमीन," विनीता म्हणाली. "ओके. शोधते."

"शोध हं," सुहासिनी म्हणाली आणि जरा जास्तच जोरात कणीक आपटली.

मंगळागौरीच्या दिवशी टीव्हीवर ऑलिंपिक चालू होतं. उन्हाळी शिबिराची मुलं जेवायला होती म्हणून सुहासिनीला संध्याकाळची पाळी लागली होती, आणि तिला ते बरंच वाटलं. सकाळीच तिनं पुरणपोळ्या संजीवच्या हाती दिल्या. कार्यक्रम कुठे ठरला, हे तिनं विचारलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये असेल. चर्चच्या हॉलच्या जमिनीवर मेणकापडासारखं लिनोलियम असतं. लिनोलियमवर झिम्मा होतो, फुगडी मात्र कशीबशीच, असा विचार करत तिनं पायच्या कडा दुमडल्या. एक ट्रे दुमडून झाला तेव्हा लक्षात आलं की सगळ्या कडा उलट्या बाजूला वळवल्यात.

डोरिस त्या दिवशी चमत्कारिक वागत होती. निघायची वेळ झाली तर म्हणाली, एवढे डबे पुसून जा. डबे झाले तर म्हणाली, ओव्हनची जाळी राहिली. सारखी खिडकीतून नदीकडे बघत होती.

"डोरिस, तुला काय झालंय?"

"काही नाही. जा आता. आणि पळत जाऊ नकोस, ती पाटी वाचलीयस ना?"

बाहेर ऊन कललं होतं, पण उजेड भरपूर होता. ओहायोतल्या ऑगस्टात दिवस मावळायला तयारच नसतो. सुहासिनी पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच निघाली. केसांवर जाळी, कोपरापर्यंत पीठ. कॉलेजची घंटा मागे पडली, उतार आला, आणि तिला तो आवाज ऐकू आला.

आधी वाटलं गाई आणतायत. पण गाईंचे पाय असे पडत नाहीत. हे पाय तालात पडत होते. धप्प, धप्प, धप्प-धप्प, धप्प. आणि त्याच्यावर टाळ्या. तो ताल तिनं झोपेतही ओळखला असता. पुलाच्या वळचणीत घरटी केलेल्या पाकोळ्या बाहेर पडून नदीवर घिरट्या घालत होत्या, आणि काठावर नवरेमंडळी पोरं सांभाळत, कागदी बशा हातात धरून उभी होती. संजीव गुडघे टेकून पुलाखालच्या तुळया बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"काकू, तुम्हीच सांगा त्यांना," तो म्हणाला. "मी म्हटलं, सगळ्यांनी एकदम उड्या नका मारू, स्ट्रक्चरला बरं नाही. तर म्हणतात, एकदम नाही मारल्या तर झिम्मा कसा?"

सुहासिनी पुलाच्या तोंडाशी आली. आत कंदील टांगले होते. जाळीतून ऊन तिरपं येत होतं, आणि त्या उन्हात नऊवाऱ्या, पैठण्या, एक-दोघींची जीन्सवरची कुडती, गजऱ्याऐवजी केसांत खोचलेली डेझीची फुलं. एका कडेला चौरंगावर विनीतानं सकाळची गौर आणून बसवली होती, फुलापत्रीसकट. आणि पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांनी भरलेला. पलीकडे, नदीपार, सुहासिनीचं घर दिसत होतं. तिकडे पायी जायला दुसरी जवळची वाट नव्हती.

झिम्मा थांबला. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. विनीता धापा टाकत पुढे आली, नाकातली नथ सरळ करत.

"काकू, तुम्ही म्हणाला होतात, लाकडाची जमीन शोध. तुम्ही रोज ज्याच्यावरून जाता ते लाकूडच आहे."

"हा रस्ता आहे, विनीता." आपण कुणाचं वाक्य बोललो ते सुहासिनीच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

"म्हणूनच तर. बोलावणं केलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आता आम्ही तुम्हाला बोलावलंच नाहीये. तुम्ही घरी चाललाय. आम्ही मधे आहोत, बस."

मागून चौदा वर्षांची सुलेखा म्हणाली, "इट्स अ टोल ब्रिज नाऊ, सुहासआंटी. वन फुगडी."

सगळ्या हसल्या. सुहासिनीही हसली असती, पण तिची नजर गेली लताकडे. लता कडेच्या तुळईवर बसली होती, नेहमीसारखी, गुडघ्यांवर हात ठेवून. करंडा तिच्याच शेजारी होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि सुहासिनीला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच. आता हिला अडचण होणार. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पण पुलावर स्वयंपाकघर नसतं.

"मी आपली कडेनं जाते," ती पुटपुटली. "ओव्हनपाशी उभी राहून पाय भरून आलेत. तुमचं चालू द्या."

"सुहास, थांब."

लता उठली. पोरी बाजूला झाल्या आणि दोघींच्या मधे फळ्या मोकळ्या राहिल्या.

"त्या दिवशी माझा हात थांबला," लता म्हणाली. "मला कळलं नाही काय करावं. तू उठून गेलीस आणि मी तुला जाऊ दिलं, कारण मला ते सोपं पडलं. पाच वर्षं मला ते सलतंय."

"छे गं. पुऱ्या खरंच करपत होत्या."

"पुऱ्या नव्हत्याच त्या दिवशी. मी इडल्या केल्या होत्या."

मग सुहासिनीच्या पोटातून ते वर आलं, तिला आवरेना. ती हसायला लागली. इडल्या! करपतात म्हणून ती धावत गेली होती, आणि तिथे इडल्या वाफत होत्या, आणि ओळीतल्या एकीनंही हूं का चूं केलं नव्हतं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. लतालाही हसू फुटलं, आणि लता हसायला लागली की तिला उचकी लागते, तशी लागली. त्या उचकीतच तिनं करंडा उचलला आणि एका हातानं सुहासिनीची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. पीठ होतं तिथे, ते कुंकवात मिसळलं. हात अजिबात थांबला नाही.

"आणि गुडघे?" सुहासिनीनं विचारलं.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? तुझ्याशिवाय कुणाबरोबर फिरणार होते मी? ह्या पोरी हात सोडतात मधेच." लतानं दोन्ही हात पुढे केले.

सुहासिनीनं केसांवरची जाळी काढून खिशात कोंबली. बूट काढले, मोजे काढले. फळ्या दिवसभराच्या उन्हानं कोमट होत्या. हात गुंफले, तळवा तळव्याला बसला, आणि पकड पूर्वीचीच निघाली. माणसं वय वाढल्याचं सांगतात पण हातांना ते फार उशिरा कळतं. दोघी मागे झुकल्या. पहिली फेरी बेतानं. दुसरी जरा जलद. मग जाळी, कंदील, नऊवाऱ्या, सगळं ओघळून एक झालं, आणि मधोमध फक्त लताचा चेहरा स्थिर, ओठ आवळलेला, अगदी पूर्वीसारखा. पायाखाली पूल घुमत होता. पाण्यावर जाऊन वर येत होता तो आवाज. तिला वाटलं, पुलाच्या तोंडाशी ते उभे आहेत, कुणी येत तर नाही ना बघत. वाटलं ते वाटलं. ती थांबली नाही. आनंद इतका झाला की तिनं डोळे मिटून घेतले, आणि फुगडीत डोळे मिटायचे नसतात हे मिरजेतली पोरसुद्धा सांगेल.

दोघी एकदमच कोसळल्या, एकीवर एक. पोरींनी छप्पर डोक्यावर घेतलं. "मॉम, दॅट वॉज अ परफेक्ट टेन," सुलेखा ओरडली, ऑलिंपिकचा परिणाम.

त्या गडबडीतच कॉलेजचा तरुण रखवालदार टोपी सारखी करत आत आला. कुणीतरी फोन केला होता की पूल हलतोय.

"सू?" तो थक्क होऊन म्हणाला. त्यानं सूला फक्त सफरचंदाचा पाय कापताना पाहिलं होतं. अनवाणी, कपाळावर लाल, एका प्राध्यापकाच्या बायकोच्या अंगावर पडलेली अशी कधी नाही. "मॅम, डोरिसनं परवानगी काढलीय, ते ठीक. पण पाटीवर लिहिलंय, धावू नका."

सुहासिनी उठून बसली. श्वास लागला होता, पण उत्तर तयार होतं. "कोण धावतंय?" तिनं इंग्रजीत विचारलं. "मघापासून आम्ही एकाच जागी आहोत."

त्यानं जरा विचार केला. पाटीत एका जागेबद्दल काही नव्हतं. मग विनीतानं त्याच्या हातात पुरणपोळीची बशी दिली आणि त्यानं तो विचार तिथेच सोडला.

मग खेळ रंगले ते रंगलेच. सुहासिनी प्रत्येकीबरोबर एकेक फेरी फिरली, अगदी सुलेखाबरोबर बसफुगडीसुद्धा. डोरिस मागून आली होती ती कंदिलाखाली उभी राहून चुकीच्या तालात टाळ्या वाजवत होती. शेवटी आरती झाली, पसारा आवरायला घेतला, आणि संजीवनं धीर करून विचारलं, पुढचा मंगळवार कुठे? पुलावर नको, प्लीज. त्याची त्या दिवशी झोप उडाली होती.

"आमच्या तळघराला आता गालिचा आहे," लता म्हणाली.

विनीतानं खांदे उडवले. "चर्चचा हॉल बघू."

सुहासिनी बूट हातात धरून उभी होती. पुलाच्या त्या तोंडातून तिला तिचं घर दिसत होतं, दिवा न लावलेलं. राजाराम गेल्यापासून इतक्या वर्षांत तिच्या घरी बायकांचं एकही कार्य झालं नव्हतं. आपण बोलावलं तर कुणी अडखळेल, या भीतीनं तिनं कधी बोलावलंच नव्हतं.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "पुढचे सगळे मंगळवार माझ्याकडे."

"काकू, पण तुमच्याकडे तर इथून तिथून गालिचा आहे ना?"

"खाली ओक आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

सुहासिनीनं डोरिसकडे पाहिलं, मग लताकडे. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "भटारखान्यातल्या पहिल्या हिवाळ्यातच," ती म्हणाली.

लतानं तिच्याकडे असं काही बघितलं की बस. "इडल्या करपवणारी बाई तू," ती म्हणाली. "तुझ्यावर विश्वास ठेवला हीच चूक."

शनिवारी सकाळी डोरिस बापाची जुनी पक्कड घेऊन आली. लता हातमोजे घालून आली, विनीता कात्री घेऊन. सोफा अंगणात काढला. चौघींनी कोपऱ्यातून ओढायला सुरुवात केली, तेव्हा खिळे कुरकुरत सुटले आणि धूळ अशी उडाली की शिंकाच शिंका. दुपारपर्यंत तो शेवाळी गालिचा गुंडाळून कुंपणाशी पडला होता. खोलीत मधाच्या रंगाच्या फळ्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, नव्या कोऱ्या असाव्यात तशा, कारण त्यांच्यावर फारसं कुणी चाललंच नव्हतं. डोरिस एका फळीवर हात फिरवत राहिली.

सुहासिनी मधोमध जाऊन उभी राहिली, जिथे पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी होती तिथेच. तिनं टाच आपटली. घर बोललं.

"मंगळवार तीन दिवसांवर आलाय," लता धूळ झटकत म्हणाली. "पुसायला घेऊ या."

"पुसू मग," सुहासिनी म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. "आधी ये इकडे."